सुट्टीत घरी आलं की सलाईन!

जीएनएमचं, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचं, दुसरं वर्ष. हॉस्टेलातून गावी येऊन बॅग खाली टेकवते न टेकवते, तोच शेजारची मोठीमाय हजर. "काहून वं, नर्सबाई झाली ना? मंग लाव एक सलाईन. कापूस येचू येचू अंगात जीवच नाही रायला." पिशवीत मेडिकलमधून आणलेली बाटली, नळीचा सेटसुद्धा!

अरे बाप्पा, 500 मिलीच्या नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. ताकद येणार कुठून? तोंडानं पिता येतंय ना? मग लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा लहान सपाट चमचे साखर आणि त्याच चमच्यानं सपाट अर्धा चमचा मीठ घालून प्या. पण हे सांगितलं की, "एवढा पैसा घालून शिकली काय मंग?"

वॉर्डात डॉक्टरांची ऑर्डर नसेल, सिस्टर शेजारी नसतील तर मी सुईला हात लावत नाही. इथे खुंटीला बाटली टांगून लावू? थंडी वाजून आली तर गाव मलाच धरणार. त्यात आईचं, "लावून दे ना, काय जाते तुझं?"

मेडिकल-सर्जिकल नर्सिंग या विषयाची टेस्ट डोक्यावर, पुस्तक उघडायला सवड नाही. अन् परवा पलीकडच्या काकांनी तर बैलाला इंजेक्शन द्यायला बोलावलं.