बहुधा

पाचाडला आमच्या चुलत भावाची खानावळ आहे. रायगड उतरून आलेल्या माणसाला पिठलं-भाकरी आणि ताक मिळतं, एवढाच पसारा. ११ जुलै २०२५ला ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून आपले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतली जिंजी. त्या दिवशी त्याने घरच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो टाकले. महिनाभरात सूर बदलला. गडाखालच्या टपऱ्या हलवणार का, राजवाडा पुन्हा उभा करणार का, वाघ्या कुत्र्याचं स्मारक ठेवायचं की काढायचं, तिकीट वाढणार का, यावर आमच्याच घरात इतकी भांडणं झाली की दोन जण ग्रुप सोडून गेले. शेवटी त्याने मला थेट विचारलं, "तायडे, तुमच्या ग्रीसमध्ये काय करतात ते सांग. पडलेलं पुन्हा बांधतात की तसंच ठेवतात?"

मी अकरा वर्षं अथेन्सजवळ पिरेयसला राहते, जहाजांच्या एका कंपनीत हिशोब बघते. खिडकीतून बंदर दिसतं आणि गच्चीवर गेलं की लांब ॲक्रोपोलिस, अथेन्सची जुन्या देवळांची टेकडी. तरी त्याच्या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर देता आलं नाही. मग ऑक्टोबरात अप्पा आले आणि आम्ही त्यांना घेऊन एका दिवसाची सहल केली. ती झाल्यावर मला वाटायला लागलं की आपण भांडतोय त्या सगळ्या गोष्टींत एक गोष्ट राहूनच जातेय, गड सांगणारा माणूस.

अप्पा महाडचे. शाळेत मास्तर होते, चाळीस वर्षं पोरांना घेऊन रायगड चढले. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून बसच्या घोळक्यातून न जाता खासगी गाडी ठरवली. कोरिंथचा कालवा, मायसीनी, नाफ्प्लियोला जेवण, एपिडॉरस आणि संध्याकाळी घरी. गाडीवाल्याने आधीच सांगितलं, "मी रस्त्यात गप्पा मारीन, पण फाटकाच्या आत माहिती सांगायची मला परवानगी नाही. त्यासाठी परवानाधारक मार्गदर्शक वेगळी घ्यावी लागेल." इथे हा कायदाच आहे. मार्गदर्शक होण्यासाठी सरकारी शाळेत दोन-अडीच वर्षं पुरातत्त्व, इतिहास, कला शिकावी लागते, परीक्षा द्यावी लागते, मग ओळखपत्र मिळतं. ते गळ्यात नसलेला कोणी अवशेषांत उभा राहून पर्यटकांना माहिती देऊ लागला तर त्याला हटकतात. गाडीचे वेगळे, मार्गदर्शक बाईंचे वेगळे, तिकिटं वेगळी. चार माणसांत मिळून आपल्या पैशांत साठ हजारांच्या घरात गेलं. अप्पांना मी आकडा सांगितला नाही.

कोरिंथच्या कालव्यावर पाच मिनिटं थांबलो. सहा किलोमीटरहून थोडा जास्त लांब, १८९३ला पुरा झालेला, कातळात सरळ सुरी मारावी तसा. फोटो काढले आणि निघालो.

मायसीनीला मात्र अप्पा गाडीतून उतरले ते गडावर आल्यासारखेच. टेकडीवर प्रचंड दगडांची तटबंदी आहे, चुना नाही. त्यात सिंहद्वार. इसवी सनापूर्वी १२५०च्या सुमाराचं, म्हणजे सव्वातीन हजार वर्षांचं. बाई वरच्या दोन सिंहांबद्दल सांगत होत्या आणि अप्पा खालीच बघत होते. चौकटीत एक खाच होती. ते मला म्हणाले, "बाय, हे अडसराचं भोक. महादरवाज्याला आहे तसंच." मी भाषांतर केलं. बाई थांबल्या, त्यांच्याजवळ गेल्या आणि दाखवू लागल्या, दार कुठे फिरायचं, अडसर कुठून कुठे सरकायचा. मग त्यांनी अप्पांना उलटा प्रश्न केला. दाराशी येणाऱ्याच्या उजव्या हाताला हा बुरूज पुढे का काढला असेल? अप्पांनी डाव्या हातात ढाल धरल्याचं करून दाखवलं आणि उजव्या कुशीवर थाप मारली. उघडी बाजू. बाईंना फार आनंद झाला. आपल्याकडे दोन बुरुजांच्या कवेत दार लपवायची गोमुखी रचना असते, ती अप्पांनी त्यांना धुळीत काठीने काढून दाखवली. तिचा त्यांनी फोटो घेतला.

दारातून आत जाताना अप्पांनी सवयीने वाकून उंबऱ्याला हात लावला आणि कपाळाला नेला. रखवालदार बाईने लगेच शिट्टी फुंकली. दगडाला हात लावायचा नाही. अप्पा ओशाळले. आमच्या बाई तिच्याशी ग्रीकमध्ये दोन वाक्यं बोलल्या. ती रखवालदार अप्पांकडे बघून हसली आणि छातीवर हात ठेवला. नियम मोडू दिला नाही, पण माणसाचा अपमानही झाला नाही. हे मला फार भावलं.

पुढचा प्रश्न अप्पांचा ठरलेला होता. "पाणी कुठाय?" गड बघायला गेलेल्या माणसाने हेच आधी विचारावं. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात सांगून ठेवलंय की गडावर आधी पाणी पाहावं आणि मग किल्ला बांधावा. बाई आम्हाला पलीकडच्या टोकाला घेऊन गेल्या. तिथे खडकाच्या पोटात उतरत जाणाऱ्या पायऱ्या आहेत, साधारण १८ मीटर खोल. तटाबाहेरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांनी आणून तळाच्या टाकीत साठवायचे. अप्पा तोंडाशीच उभे राहिले, काळोखात बघत. "गंगासागर उघड्यावर आहे," ते म्हणाले, "ह्यांनी लपवलं. वेढ्याची भीती जास्त असणार." बाई म्हणाल्या, "बहुधा."

हा शब्द त्या दिवशी मी किती वेळा मराठीत आणला असेल! ॲट्रियसचा खजिना म्हणतात ती मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गोल कबर आहे, तिच्या दारावरचा आतला दगड जवळपास १२० टनांचा. तो वर चढवला कसा? बहुधा मातीचा उतार करून. तिथे कोण पुरलं होतं? माहीत नाही. मग ॲट्रियसचं नाव का? खूप नंतर चिकटलं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो सोन्याचा मुखवटा. १८७६मध्ये हाइनरिश श्लीमन यांनी सिंहद्वाराच्या आतल्या वर्तुळात थडगी खणली, सोनं निघालं, आणि एक मुखवटा ट्रॉयच्या युद्धातल्या राजा ॲगॅमेम्नॉनचा ठरला. जगभर तो त्याच नावाने ओळखतात. बाईंनी शांतपणे सांगितलं की ते युद्ध परंपरेने जेव्हाचं मानतात, त्याच्या सुमारे तीनशे वर्षं आधीचा हा मुखवटा आहे, म्हणजे तो ॲगॅमेम्नॉनचा असू शकत नाही. हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला नाही. उलट त्यांनी श्लीमन यांच्यावर देखरेखीला असलेल्या पानायोटिस स्तामाताकिस या ग्रीक अधिकाऱ्याची गोष्ट सांगितली. घाईने खणू नका म्हणून तो भांडत राहिला, बारीकसारीक नोंदी ठेवत राहिला, आणि पुढच्याच वर्षी सहावं थडगं त्याने शोधलं. बाईंच्या लेखी त्या जागेचा खरा नायक तो होता.

मला तेव्हा आमच्या ग्रुपवरचा वाघ्या आठवला. रायगडावर महाराजांच्या समाधीशेजारी कुत्र्याचं स्मारक १९३६ साली बसवलं. २०१२मध्ये ते हटवलं गेलं आणि पुन्हा बसवलं. २०२५मध्ये ते काढा अशी मागणी पुन्हा जोरात झाली. आमच्या घरातही दोन तट. एक म्हणतो समकालीन पुरावा नाही, फेकून द्या. दुसरा म्हणतो आमच्या श्रद्धेला हात लावू नका. तिथे रोज हजारो माणसं जातात. त्यांच्यासमोर उभं राहून, "शिवकाळातला पुरावा मिळत नाही, पण १९३६ साली हे का बसवलं, पैसे कोणी दिले, तेव्हा लोकांच्या मनात काय होतं, हाही इतिहासच आहे, ऐका," असं न घाबरता सांगणारा शिकलेला माणूस असता तर? भांडण मिटलं असतं असं मी म्हणत नाही. पण भांडणाऱ्यांना निदान एकच गोष्ट माहीत असती.

मी लहानपणापासून गडावर जे ऐकलं त्यात ‘बहुधा’ नव्हतं. हिरकणी, घोरपड, सगळं शपथेवर. चार वर्षांपूर्वी मुलीला घेऊन एका किल्ल्यावर गेले होते. वाट दाखवणाऱ्याने एका भुयाराबद्दल सांगितलं की ते थेट दुसऱ्या किल्ल्याला निघतं. मुलीने विचारलं, कोणी जाऊन बघितलंय का? तो चिडला. म्हणाला, परदेशात वाढलेल्यांना महाराज कळायचे नाहीत. पोर नऊ वर्षांची. उतरताना गप्प होती. मी त्याच्यावर रागावले होते. आता तो राग कमी झालाय. त्याला कोणी शिकवलं होतं? कोणी पगार दिला होता? ऐकीव चार गोष्टी आणि दिवसाला मिळतील ते दोन-चारशे रुपये यावर तो उभा होता. आपण त्याच्या हातात ना पुस्तक दिलं ना ओळखपत्र, आणि मुलांना इतिहास सांगायचं काम त्याच्यावर सोपवलं.

भावाच्या प्रश्नाचं उत्तर देते. ग्रीक पुन्हा बांधतातही आणि चुकतातही. ॲक्रोपोलिसवरच्या पार्थेनॉन मंदिरावर शंभर वर्षांपूर्वी निकोलाओस बालानोस यांनी लोखंडी पट्ट्या घालून दगड जोडले. त्या गंजून फुगल्या आणि संगमरवर फुटला. १९७५पासून एक समिती ते लोखंड काढून टायटॅनियम घालत बसलीय, अजून काम चालू आहे. नवा दगड जुन्यात बेमालूम मिसळत नाहीत, पांढरा दिसतो तसा दिसू देतात. आपल्या तटांवर सिमेंट थापणाऱ्यांनी हे एकदा डोळ्यांनी बघावं. दुसरीकडे २०२०मध्ये ॲक्रोपोलिसवर काँक्रीटच्या रुंद वाटा केल्या तेव्हा इथले लोक संतापले होते. मग रोज वीस हजार माणसांची मर्यादा आली, तिकीट २०२५मध्ये तीस युरो झालं. गर्दी नसताना पाच जणांपर्यंतच्या गटाला पाच हजार युरोंत खासगी दर्शनाची योजनाही सरकारने जाहीर केली. ही शेवटची गोष्ट रायगडावर मला कधीही नको. समाधीसमोर पैसेवाल्याला वेगळी वेळ मिळाली तर ६ जूनला अनवाणी चढणाऱ्या माणसाला काय तोंड दाखवायचं?

आणि एक फरक मान्य केलाच पाहिजे. मायसीनीला कोणी नवस बोलत नाही. ॲगॅमेम्नॉन खोटा ठरला म्हणून कोणाच्या घरात चूल बंद राहत नाही. रायगड आपल्याला देवघरासारखा आहे. तिथे ‘पुरावा नाही’ हे शब्द लागतात, आणि का लागतात ते मला आतून कळतं. म्हणूनच ते शब्द उच्चारणारा आपल्याच गावचा, आपल्याच बोलीतला, गडावर जीव असलेला आणि नीट शिकलेला हवा. पाचाड, हिरकणीवाडीची पोरं घ्या. दोन वर्षं मोडी शिकवा, बखरी आणि पत्रं यातला फरक शिकवा, दगड वाचायला शिकवा. जगदीश्वराच्या पायरीवर ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर’ असं कोरलंय. ज्याने गड बांधला त्याचं नाव आपल्याकडे दगडात आहे. १२० टनांचा दगड ज्याने चढवला त्याचं नाव मायसीनीला कोणालाच माहीत नाही. अप्पांनी हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही फार भाग्यवान आहात." यादीत नाव लागलं, आता निधी येईल, रस्ते, पार्किंग, दिवे होतील. त्यातला थोडा तरी पैसा माणसावर घाला, असं मला हात जोडून सांगावंसं वाटतं. भावाच्या खानावळीचं रक्षणही त्यातूनच होईल, कारण ज्याचा मुलगा गड सांगतो त्याला गडावरून कोण उठवणार?

एपिडॉरसच्या प्राचीन नाट्यगृहाशी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. डोंगराच्या कुशीत दगडी बाकांच्या पंचावन्न रांगा, बारा-चौदा हजार माणसं बसतील एवढ्या. १९५५पासून दर उन्हाळ्यात इथे पुन्हा नाटकं होतात. सगळीकडे लिहितात की मधोमध कुजबुजलं तरी शेवटच्या रांगेत ऐकू येतं. बाई म्हणाल्या, २०१७मध्ये डच संशोधकांनी मोजून बघितलं, कुजबुज तिथवर पोचत नाही. मात्र खणखणीत, मोठ्याने बोललं तर पोचतं. "तुम्हीच बघा."

मी आणि मुलगी वर चढलो. अप्पा खालीच राहिले. मधल्या गोल दगडावर उभे राहिले, टोपी काढली आणि वर्गात हजेरी घ्यायचे त्या आवाजात म्हणाले, "जगदंब." आम्हाला वर अगदी स्पष्ट आलं. मुलगी खाली ओरडली, "आजोबा, परत!"

परतीच्या वाटेत अप्पांनी भावाच्या थोरल्या मुलाला सिंहद्वाराच्या खाचेचा फोटो पाठवला. तो एकोणीस वर्षांचा आहे, सुट्टीत पर्यटकांना गड दाखवतो. रात्री उत्तर आलं. तो दुसऱ्या दिवशी पहाटेच महादरवाज्याशी जाऊन मोजणार होता. "आजोबा, तिकडची खाच किती खोल आहे? आणि ती बाई कुठल्या शाळेत शिकली?" खोली बाईंना विचारून कळवायचं काम अप्पांनी माझ्याकडे दिलंय. शाळेबद्दल त्यांनी स्वतःच त्याला फोन लावला आणि तासभर बोलत बसले.