अंधाऱ्या गुहेचा वैताग

अंधार केला की लेव्हल कठीण झाली, हे कुणी ठरवलं? प्लॅटफॉर्म गेम, म्हणजे उड्या मारत खड्डे-काटे पार करायचा व्हिडिओ गेम, खेळायचा तो उडीसाठी. अंतर डोळ्यांनी जोखायचं, नेमक्या क्षणी बटण दाबायचं. खड्डाच दिसत नसेल तर जोखायचं काय, कपाळ?

१९९४ च्या 'डाँकी काँग कंट्री'त निदान एक पोपट टॉर्च धरून सोबत उडायचा. आपण वळलो की उजेडही वळायचा. भीती वाटायची, पण पुढचं दिसायचं! आणि २०१७ च्या 'हॉलो नाइट'मध्ये? कंदील विकत घ्या, १८०० जिओ (गेममधलं चलन) मोजून. तोवर बसा चाचपडत. नायकाभोवती वीतभर उजेड, बाकी मिट्ट काळोख.

काल रात्री एकाच खोलीत सात वेळा काट्यांवर पडलो. सात! मग टीव्हीचा ब्राइटनेस पूर्ण वाढवला, घरातला दिवा घालवला, पडद्याला नाक टेकवून बसलो. काळ्याचं राखाडी झालं, बस्स. काटे दिसले ते आठव्यांदा त्यांच्यावर पडल्यावरच.

अरे, माझी उडी चुकली तर शंभरदा मारा, तक्रार नाही. पण कुठे उडी मारायची ते दिसू तरी द्या!