आपण फक्त चौकोन काढतो

संरक्षण क्षेत्रातल्या कंपनीची ऑफर हातात पडली? अभिनंदन. पॅकेज चांगलं असतंच. रात्री झोपही चांगली लागावी म्हणून हे थोडं मार्गदर्शन.

आधी भाषा सुधारा. 'शस्त्र' हा शब्द तोंडातून जाता कामा नये. 'सोल्यूशन' म्हणा, 'प्लॅटफॉर्म' म्हणा. एआयला वस्तू ओळखायला शिकवायचं म्हणून ड्रोननं टिपलेल्या चित्रात पांढरा टेम्पो दिसला की माउसनं त्याच्याभोवती चौकोन काढायचा, यादीतून 'वाहन' निवडायचं, पुढचं चित्र उघडायचं. टेम्पोच्या हौद्यात कोण बसलंय, याला यादीत पर्याय नाही. अप्रेझलला विचारतात ते चौकोन किती झाले एवढंच.

आईनं विचारलं, नेमकं काय करतोस रे, तर 'देशसेवा' म्हणा. 2024-25 मध्ये भारतानं 23,622 कोटींचं संरक्षण साहित्य निर्यात केलं, 80 च्या आसपास देशांना. मग सेवा नक्की कोणत्या देशाची, असं एखादा आगाऊ मामा विचारेल. त्याला पोहे वाढा.

तत्त्वांचं ओझं कंपनीवर सोडा, ती ठेवायला त्यांच्याकडे वेबसाइट असते. 2018 मध्ये पेंटागॉनच्या 'प्रोजेक्ट मेव्हन'विरुद्ध गूगलच्या सुमारे 4,000 कर्मचाऱ्यांनी पत्रावर सह्या केल्या, डझनभरांनी राजीनामे दिले. काम काय, तर ड्रोनच्या चित्रणातल्या वस्तू ओळखणं. म्हणजे आपलेच चौकोन! कंपनीनं तो करार पुढे चालवला नाही, वर शस्त्रांसाठी एआय बनवणार नाही असं लिहूनही दिलं. फेब्रुवारी 2025 मध्ये ते लिहिलेलं काढून टाकलं. राजीनामेवाल्यांनी उगाच घाई केली, सात वर्षं कळ काढली असती तर प्रश्नच उरला नसता. 2024 मध्ये गूगलच्याच इस्रायल सरकारसोबतच्या कराराविरुद्ध ज्यांनी ऑफिसात ठिय्या मांडला, त्यांना तर थेट नारळ मिळाला. फ्लॅटचे हप्ते चालू असतील तर हा परिच्छेद दोनदा वाचा.

गोदी कामगारांच्या नादी मात्र लागू नका. फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्याकडच्या 11 बंदरांतल्या कामगारांच्या महासंघानं जाहीर केलं, की इस्रायलला जाणाऱ्या शस्त्रांना आम्ही हात लावणार नाही. त्यांची गोष्टच वेगळी. पेटी समोर येते, तिचं वजन कळतं, वर काय छापलंय ते दिसतं. एवढं शिकून आपण ही कटकट मागे टाकली आहे. आपल्याकडे फक्त फाइल येते, नाव 'बॅच' आणि पुढे आकडा.

राहता राहिली खंडेनवमी. ऑफिसात लॅपटॉप ओळीनं मांडतात, हळदकुंकू वाहतात, झाकणावर झेंडूचं फूल ठेवतात. मग कुणीतरी दरवर्षीप्रमाणे म्हणतो, "आपलं शस्त्र हेच बाबा!" आणि सगळे हसतात. तुम्हीही हसा, पण वेळेवर. उशीर झाला की लोक वळून बघतात. आणि कुंकू की-बोर्डमध्ये जाऊ देऊ नका, लॅपटॉप क्लायंटचा आहे.