विनूची अख्खी पिशवी

रविवारी सकाळी इंदूरच्या रामबागेतला ओटला, उसळ-पोहे, वर शेव आणि जीरावन. विनूचं ॲप पुन्हा पडल्याचं सगळ्यांना ठाऊक होतंच. ज्याचं ॲप, तो नमकीनवाला आदल्या संध्याकाळी विनूच्या घरी जाऊन बसला होता, आणि काकूंनी त्याला चहा देऊन वर विनूच्याच तक्रारी ऐकवल्या होत्या.

"अँड्रॉइडचाच बग आहे," विनू म्हणाला. त्याच्या हातून आजवर एकही चूक झालेली नाही.

"दुसऱ्या स्क्रीनला पाठवत काय होतास?" पल्लवीने विचारलं.

"लिस्ट. सगळी. फोटोंसकट इंटेंटमध्ये, म्हणजे पुढच्या स्क्रीनला द्यायच्या निरोपात टाकली. माझ्या फोनवर चालत होतं ना भिया!"

"तुझ्या फोनवर पंधरा पदार्थ होते. त्याने अख्खं दुकान भरलं. अरे, स्वतःच्याच ॲपमधली पुढची स्क्रीन उघडायची तरी इंटेंट सिस्टिममधून फिरून येतो. तो नेणाऱ्या बाइंडरची जागा साधारण १ एमबीची, तीही त्या प्रोसेसच्या, म्हणजे चालत्या ॲपच्या, सगळ्या चालू व्यवहारांत वाटलेली."

"म्हणजे शेअरची मॅजिक गाडी," अण्णा म्हणाले. अण्णा बँकेतून रिटायर झालेत, ॲपशी संबंध फक्त वीजबिलापुरता. "सीट एक, आणि हा गव्हाचं पोतं घेऊन दळायला निघालाय."

"पण ते मी सुधारलं!" विनू उसळला. "लिस्ट मेमरीत ग्लोबल ठेवली. स्टॅटिक. कुठल्याही स्क्रीनने उचलावी."

पल्लवीने चमचा खाली ठेवला. "आणि मग त्याने पेमेंटसाठी दुसरं ॲप उघडलं, दहा मिनिटं फोनवर बोलला, परत आला. मधल्या वेळात मेमरी कमी पडली म्हणून सिस्टिमने तुझी प्रोसेस मारली. परतल्यावर अँड्रॉइड थेट दुसरी स्क्रीन उघडतो. लिस्ट भरणारी पहिली स्क्रीन चाललीच नाही. तुझं ग्लोबल रिकामं."

मी खाली मान घालून पोहे खात होतो. माझ्याही एका ॲपमध्ये असंच एक ग्लोबल आहे, अजून सापडलेलं नाही.

"व्ह्यूमॉडेल," मंदार म्हणाला. मंदार एवढंच बोलतो.

"ते स्क्रीनचा डेटा सांभाळतं, फोन आडवा केला तर टिकेल," पल्लवी म्हणाली. "प्रोसेस मेली की तेही मेलं. फक्त आयडी पाठव ना! एक आकडा. माल डेटाबेसमध्ये आहे, पुढची स्क्रीन आयडीवरून काढून घेईल. इंटेंटमधला आकडा प्रोसेस मेल्यावरही परत मिळतो. आणि तिथे भाव बदलला, तर डेटाबेसवर नजर ठेवून बसलेल्या पहिल्या स्क्रीनला आपोआप कळेल. एडीबीने, म्हणजे संगणकावरून फोनला हुकूम देऊन, प्रोसेस मारून एकदा तरी पाहिलंस?"

"असं कोण मुद्दाम मारतं?"

"मांडूची ट्रिप आठव," पल्लवी म्हणाली. "सगळ्यांचे पैसे याच्याकडे ठेवले. गाडीत डोळा लागला, धारला उठला आणि विचारतो, कोणते पैसे?"

"ते परत दिले होते!"

"माझे दीडशे राहिलेत," अण्णा शांतपणे म्हणाले.

मग बराच वेळ मांडूच चाललं. कोणी उलटी केली, कोणाची चप्पल बाज बहादूरच्या महालात राहिली, विनूने गाइडशी कशी हुज्जत घातली. डेटाबेस राहिला बाजूला. पोहेवाला पैसे मागायला आला तेव्हा विनूने खिसे चाचपले, पेपरचा एक कोपरा फाडला, त्यावर काहीतरी खरडून तो पल्लवीच्या हातात दिला.

"विनू, ४० रुपये," तिने वाचलं. "हे काय?"

"आयडी पाठवलाय. बाकीचं आईकडून काढून घे."

मंदार हसता हसता ओटल्यावरून घसरला. चिठ्ठी अण्णांनी घडी करून खिशात ठेवली. दीडशेच्या हिशेबात जमा धरणार म्हणे.