एका विहिरीसाठी सोळा लाख नाणी

पावसाळा तोंडावर आला की पाण्याविषयीचा एक संदेश हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच राहतो: "आपल्या पूर्वजांची प्रत्येक रूढी विज्ञानावर उभी होती. नदीत तांब्याची नाणी टाकायचे ते पाणी शुद्ध व्हावं म्हणून. तांब्याच्या भांड्यातलं पाणी कुठल्याही फिल्टरपेक्षा शुद्ध. तुरटी फिरवली की जंतू मरतात. पाणी गाळून पिण्याचा नियम सूक्ष्मजीव ओळखूनच केलेला. पुढे इंग्रजांनी क्लोरीनचं विष आणलं आणि आपण आजारी पडलो." खाली अर्थातच "सर्व ग्रुपवर पाठवा".

यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, एक पाऊण खरं आहे, बाकीची चूक आहेत. म्हणून एकेक घेऊ.

आधी नाणी. तांब्याचा जंतूंवर परिणाम होतो हे खरं, पण तो धातूचा किती पृष्ठभाग किती पाण्याला किती वेळ लागतो यावर ठरतो. एक लिटरच्या तांब्याच्या गडूचा आतला पृष्ठभाग साधारण ४८० चौरस सेंटिमीटर भरतो. शिवराईसारखं (शिवकालीन तांब्याचं नाणं) दोन सेंटिमीटर व्यासाचं नाणं घेतलं तर दोन्ही बाजू मिळून सव्वासहा चौरस सेंटिमीटर. म्हणजे एका लिटरला गडूइतकं तांबं लागायचं तर ७५ नाणी हवीत. आता तीन मीटर व्यासाची विहीर घ्या, तीन मीटर पाणी धरा. ते होतं सुमारे २१,२०० लिटर. नाणी लागतील जवळजवळ १६ लाख. एक शिवराई ११ ग्रॅमची धरली तर साडेसतरा टन तांबं झालं. तेही प्रत्येक नाणं दोन्ही बाजूंनी उघडं राहिलं तर. प्रत्यक्षात ते गाळात रुततं आणि एखादीच बाजू पाण्याला लागते.

नदीचा हिशेब याहून अवघड. सेकंदाला १०० घनमीटर पाणी वाहून नेणाऱ्या नदीतून दर सेकंदाला एक लाख लिटर पाणी पुढे जातं. त्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम तांबं उतरवायचं तर सेकंदाला १० ग्रॅम तांबं विरघळलं पाहिजे. म्हणजे जवळपास एक अख्खी शिवराई, दर सेकंदाला, दिवसरात्र. तांब्याची नाणी पाण्यात अशी विरघळत असती तर नदीपात्रांत जुनी नाणी आज सापडलीच नसती.

शिवाय नाणी तांब्याचीच होती हे कुणी ठरवलं? भारतातली सर्वांत जुनी आहत नाणी, म्हणजे ठसे मारून पाडलेली नाणी, चांदीची आहेत. आपल्याच भागात राज्य केलेल्या सातवाहनांची पुष्कळ नाणी शिशाची आहेत, आणि शिसं हे विष आहे. आजचा एक आणि दोन रुपयांचा शिक्का लोहचुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा असतो. पुलाखाली दोरीला लोहचुंबक बांधून पोरं नाणी काढतात ती म्हणूनच. पण टाकणाऱ्याचा हात त्यामुळे कधी थांबला नाही, कारण त्याला पाणी शुद्ध करायचंच नव्हतं. नदीची ओटी भरतात, खण-नारळ सोडतात, दिवे सोडतात, तसंच नाणं सोडतात. ते अर्पण आहे. जगात इतरत्रही हेच दिसतं. इंग्लंडमधल्या बाथ गावी रोमन काळातल्या गरम झऱ्यात बारा हजारांहून जास्त नाणी सापडली. त्याच झऱ्यात लोकांनी देवीला उद्देशून, आपल्या वस्तू चोरणाऱ्यांना शिव्याशाप लिहिलेले शिशाचे पातळ पत्रेही टाकले होते. शापाने पाणी शुद्ध होतं असं तिथलं कुणी म्हणत नाही.

तांब्याचं भांडं हा संदेशातला अर्धा खरा मुद्दा. बेंगळुरूतल्या संशोधकांचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे: पटकी, हगवण, टायफॉइड यांचे जिवाणू मुद्दाम मिसळलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवल्यावर त्यात जिवंत जिवाणू मिळाले नाहीत, आणि पाण्यात उतरलेलं तांबं सुरक्षित मर्यादेत होतं. सकाळी भरून दुपारी प्यायलं तर हा लाभ मिळेल असं धरू नका. अभ्यास जिवाणूंचा होता. काविळीच्या विषाणूंना तो लावता येत नाही. भांड्याच्या आत बुळबुळीत थर बसला की पाणी धातूला लागतच नाही, म्हणून ते दोन-तीन दिवसांआड चिंच-मीठ लावून घासायला हवं आणि नंतर खळखळून धुवायला हवं. आतून कल्हई केलेलं भांडं या कामाचं नाही, कारण तिथे पाण्याला कथील लागतं, तांबं नव्हे.

आणि "कुठल्याही फिल्टरपेक्षा" हे तर साफ चूक. तांबं पाण्यातलं फ्लोराइड काढत नाही, नायट्रेट काढत नाही, क्षार काढत नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या ज्या गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे तिथे कितीही तांब्याचे हंडे भरून ठेवले तरी मुलांच्या दातांवरचे डाग थांबणार नाहीत. पाणी उकळूनही फ्लोराइड जात नाही, उलट आटल्यामुळे थोडं दाटच होतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात तांबं लिटरला ०.०५ मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. लिंबू पिळलेलं पाणी, ताक, कोकम सरबत अशा भांड्यात ठेवलं तर ही हद्द ओलांडायला वेळ लागत नाही आणि मळमळ, उलट्या सुरू होतात. विल्सन आजार (यात शरीरात तांबं साठत जातं) असलेल्यांनी तांब्याच्या भांड्यापासून लांबच राहावं.

इथे एक रूढी मात्र पुरेपूर खरी उतरते, ती म्हणजे कल्हईची. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील फासायचं. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट शिजवायचं तर हे हवंच. संदेशात हिचा उल्लेखही नाही. ती बरोबर ठरली याचं कारण साधं आहे. कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी कळकली की चवीला लगेच कळतं, घरातले सगळे तासाभरात उलट्या करतात. कारण आणि परिणाम एकाच दुपारी समोर येतात. असं ज्ञान प्रयोगशाळेशिवाय पिढ्यान्‌पिढ्या टिकतं.

तुरटीचंही तसंच. ती गढूळपणा बसवते हे डोळ्यांना दिसतं, म्हणून रूढी टिकली. तुरटी पाण्यात गेली की तिचा चिकट, ढगासारखा पुंजका होतो, मातीचे बारीक कण त्याला चिकटतात आणि जड होऊन तळाशी बसतात. त्यांच्यासोबत बरेच जंतूही खाली जातात, पण मरत नाहीत. तळ ढवळला की पुन्हा वर. प्रमाण लिटरला १० ते ५० मिलिग्रॅम, गढूळपणानुसार. वीस लिटरच्या हंड्याला जास्तीत जास्त एक ग्रॅम, म्हणजे हरभऱ्याएवढे दोन-तीन खडे. ते वाटीभर पाण्यात विरघळवून हंड्यात ओता, मिनिटभर जोरात ढवळा, मग पाच-दहा मिनिटं अगदी हळू. इथेच बहुतेकांचं चुकतं: शेवटपर्यंत जोरात ढवळल्याने जमलेले पुंजके फुटतात आणि पाणी तसंच राहतं. दोन-तीन तास हलवू नका, मग तळाचं चार बोटं पाणी सोडून वरचं काढून घ्या. तुरटी जास्त झाली तर पाणी तुरट आणि आंबूस होतं. असं पाणी तांब्याच्या भांड्यात भरलं तर तांबंही जास्त उतरतं. दोन "पारंपरिक उपाय" एकत्र केले की दुप्पट फायदा होतो, असं नाही.

निवळी नावाच्या झाडाचं बी उगाळून पाणी नितळ करणं तर याहून जुनं. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात तिचा दाखला येतो: निवळीचं फळ पाणी स्वच्छ करतं, पण नुसतं तिचं नाव घेतल्याने पाणी निवळत नाही. संदेश पुढे ढकलणाऱ्यांनी निदान हा श्लोक तरी सोबत जोडावा.

गाळून पिण्याचा नियम हा पाऊण खरा मुद्दा, आणि सगळ्यात रंजक. बांगलादेशातल्या मतलब नावाच्या भागात झालेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. जुन्या सुती साडीचं कापड किमान चार पदरी करून त्यातून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्याने कमी झाले. पटकीचा एकटा जिवाणू कापडातून सहज पार होतो. पण पाण्यात तो बऱ्याचदा पाण्यात तरंगणाऱ्या बारीक (प्लवंग) जिवांना चिकटून असतो आणि ते जीव कापडात अडकतात. साडी जुनीच हवी, कारण धुऊन धुऊन धागे फुलतात आणि छिद्रं लहान होतात. गाळून झालं की कापड धुवा, उन्हात वाळवा, आणि दर वेळी तीच बाजू वर ठेवा.

म्हणजे पूर्वजांना सूक्ष्मजीव ठाऊक होते? जैन परंपरेतला पूर्ण नियम पाहा. पाणी गाळल्यावर कापडावर राहिलेले जीव ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत अलगद परत सोडायचे. हेतू अहिंसेचा आहे, आणि त्या हेतूने नियम अगदी सुसंगत आहे. पण रोग टाळायला केलेला नियम असता तर जंतू वाहून नेणारे जीव पिण्याच्या विहिरीत परत कोण सोडेल? फायदा झाला तो आनुषंगिक.

नारूने तर या संदेशाचा पायाच काढून घेतला आहे. हा जंत महाराष्ट्रातही होता. पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या ठिपक्याएवढ्या जिवासोबत त्याची अळी पोटात जायची. पुढे साधारण वर्षभर काहीच कळायचं नाही. मग पायाला आग होऊन फोड यायचा आणि त्यातून दोन-तीन फूट लांब, दोऱ्यासारखी मादी बाहेर पडू लागायची. आग शमवायला माणूस पाय पाण्यात बुडवायचा, की त्याच क्षणी मादी लाखो अळ्या पाण्यात सोडायची. पायऱ्या उतरून पाण्यात उभं राहून घागर भरायची ती बारव, ती पायविहीर यासाठी अगदी सोयीची जागा होती. आज आपण जिच्या दगडी बांधकामाचं कौतुक करतो तीच. पाणी प्यायल्यापासून फोडापर्यंत वर्षाचं अंतर असल्यावर कुठल्याही आजीला, वैद्याला दोन्हींचा संबंध नुसत्या अनुभवाने जोडता येणार नव्हता, आणि तो रूढीत उतरलाही नाही. नारू हटला तो पायऱ्यांच्या विहिरी बंद करून किंवा त्यांना कठडा-रहाट बसवून, हातपंप देऊन, पाण्यात सायक्लॉप्स मारणारं औषध टाकून आणि घरोघरी गाळणीचं कापड वाटून. कापड तेच जुनं. काय अडवायचं हे माहीत झालं, हा फरक. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला.

राहिलं क्लोरीनचं "विष". वरच्याच विहिरीला, १६ लाख नाण्यांच्या जागी, ताजी टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) लागते ५३ ग्रॅम: स्वच्छ पाण्याला हजार लिटरमागे अडीच ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर दुप्पट किंवा जास्त, कारण क्लोरीनचा मोठा वाटा गाळातच खर्च होतो. म्हणून शक्य तिथे आधी तुरटी, मग क्लोरीन. पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवून पातळ करा, दहा मिनिटं बसू द्या, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घ्या आणि तळाचा चुना फेकून द्या. तो विहिरीत गेला तर पाणी आणखी जड होतं. बादली दोरीने पाण्याखाली सोडून वर-खाली हलवा. अर्धा तास कुणी पाणी भरू नये.

बहुतेक ठिकाणी फसतं ते पावडरीच्या साठवणीत. ताज्या टीसीएलमध्ये ३० ते ३३ टक्के क्लोरीन असतो, पण पोतं उघडं आणि दमट खोलीत राहिलं की काही आठवड्यांतच ताकद उतरते. वजन बरोबर, औषध निकामी. म्हणून शेवटच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीन तपासायची चाचणी, करायचीच: नमुन्यात थेंब टाकल्याबरोबर पिवळा रंग यावा आणि लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन दिसावा. साथ असेल तर ०.५. जागतिक आरोग्य संघटनेची वरची मर्यादा ५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ०.२ ला आपण पंचवीसपट, साथीतल्या ०.५ लाही दहापट खाली असतो. वास आवडत नसेल तर पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात, वर कापड बांधून काही तास ठेवा, उडून जातो. टेस्ट केलेलं पाणी मात्र पिऊ नका, फेका.

टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटर दाखवून "तुमचं पाणी शुद्ध" म्हणणाऱ्याकडेही याच नजरेने पाहा. तो क्षार मोजतो, जंतू नाही. धरणाच्या पाण्याचा टीडीएस १०० असून त्यात मैला मिसळलेला असू शकतो, आणि ५०० च्या आत टीडीएस असेल तर क्षारांसाठी आरओची गरजच नसते.

घरच्या तांब्याच्या हंड्याने, तुरटीने, साडीच्या कापडाने किंवा क्लोरीनने काम झालं का, हे पाहायचं तर एच-टू-एसची बाटली (मैल्याचे जंतू तपासायची तयार बाटली) स्वस्त पडते. खुणेपर्यंत पाणी भरा, झाकण लावा, उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवा. पाणी काळं पडलं तर त्यात मैल्याचे जंतू असण्याची दाट शक्यता. ते तसंच पिऊ नका, उकळा किंवा क्लोरीन घाला. बाटली टाकून देण्याआधी तिच्यात चिमूटभर टीसीएल घालून अर्धा तास ठेवा.