तक्रार करायचीय? आधी तब्येत कमवा

डॉक्टरांच्या हातून काही चुकलं अशी शंका आलीच, तर ती आधी गिळून पाहा. जेवणानंतर, कोमट पाण्याबरोबर. नाहीच उतरली, तर पुढे वाचा.

पहिलं काम फाइल मिळवणं. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत स्वच्छ लिहिलंय की रुग्णाने मागितलेले कागद ७२ तासांत द्यावेत. हे तास कुणाच्या घड्याळातले, ते लिहिलेलं नाही. आईची फाइल मागायला मी एका हॉस्पिटलात गेलो (नाव नको; पुणं लहान आहे आणि मला अजून आजारी पडायचंय). खिडकीतल्या मुलीने अर्ज घेतला. पोच मागितली तर म्हणाली, "काका, विश्वास नाही का?" मग रेकॉर्डचे सर रजेवर गेले, मग फाइल इन्शुरन्सकडे गेली, मग झेरॉक्सचं मशिन गेलं. नवव्या दिवशी गठ्ठा हातात पडला. नर्सिंगच्या पानावर 'डॉक्टरांना कळवले' याच्यापुढे ठसठशीत ११.४०. झेरॉक्समध्ये व्हाइटनर दिसत नाही, हा तिचा मोठाच गुण. फक्त त्या आकड्याखाली पानाच्या आखीव रेघा तेवढ्या तुटल्या होत्या.

असो. आता तक्रार मुंबईला, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. घाबरू नका, तिथे आपल्याच हिताचं बघतात. बघणारे डॉक्टर. त्यांच्यातले काहीजण सरकारने नेमलेले, बाकीच्यांना निवडून देणारेही डॉक्टरच. रुग्णाला मत नाही, आणि ते बरंच आहे. आपल्याला सोसायटीची निवडणूक झेपत नाही. निकाल ६ महिन्यांत लावावा असं त्याच आचारसंहितेत आहे. हा नियम मोठ्याने वाचावा, मन हलकं होतं.

निकाल विरुद्ध गेला तर वर दाद मागता येते. म्हणजे डॉक्टरांना येते. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यात कलम ३० ने अपिलाचा हक्क दिलाय तो डॉक्टरांना. तुमचा त्यात उल्लेख नाही. आधीच्या नियमांत 'नाराज झालेली कोणीही व्यक्ती' ६० दिवसांत अपील करू शकत होती. तेवढ्या नाराजीची आता गरज उरली नसावी.

या आयोगाआधी जी केंद्रीय मेडिकल कौन्सिल होती, तिच्याबद्दल वाईट बोलू नये. २०१० मध्ये तिच्या अध्यक्षांनाच सीबीआयने लाचेच्या आरोपावरून अटक केली होती, एवढंच. पुढे कौन्सिल गेली, २०२० पासून आयोग आला. आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे कडक नियम आणले: औषधं जेनेरिक नावाने लिहा, कंपन्यांच्या पैशाने कॉन्फरन्सा नकोत. २ तारखेला आले, २३ तारखेला स्थगित. कोंबडीचं अंडं उबायला लागतात तेवढेच दिवस. पण इथे पिल्लू बाहेर आलं नाही, अंडं परत आत गेलं. कटबद्दल, म्हणजे पेशंट पाठवल्याच्या कमिशनबद्दल, तर बोलूच नका. आपल्या राज्याने २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा केला होता. मसुदा चांगला होता म्हणतात.

हं, एक राहिलं. तक्रारीला वजन यायला दुसऱ्या डॉक्टरांचं मत जोडावं. मी गेलो होतो एका जुन्या, सज्जन डॉक्टरांकडे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून अख्खी फाइल वाचली, नर्सिंगच्या पानाशी थांबले आणि त्या तुटलेल्या रेघांवर अचूक बोट ठेवलं. "हे बघा. इथे घोळ आहे."

"एवढंच दोन ओळींत लिहून द्याल का?"

बोट उचललं गेलं. चष्मा खाली आला.

"बाही वर करा," ते म्हणाले, "तुमचं बीपी बघू."