फोर्टला दहापैकी किती?

शहराच्या मध्यवस्तीचं सौंदर्य मोजता येतं, असं नगररचनावाले सांगतात. खरं आहे. फक्त मोजायला जिथं उभं राहावं लागतं, तिथं मुंबईच्या फोर्टात उभं राहता येत नाही.

पहिलाच नियम घ्या. इमारत अख्खी नजरेत मावायला तिच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर उभं राहायचं. डी. एन. रोडवरची 20 मीटर उंच इमारत बघायला 40 मीटर मागे सरकायचं. तेवढ्यात समोरची इमारत पाठीला लागते, आणि तिच्याआधी बेस्टची बस. हा नियम फोर्टात नीट चालतो तो राजाबाई टॉवरपाशी. उंची 85 मीटर, म्हणजे 170 मीटर मागे. आपण थेट ओव्हल मैदानात. तिथं एका वेळी इतके सामने चालू असतात, की मान वर करून मनोरा बघणारा माणूस नेमका कुणाच्या तरी मिडविकेटला उभा असतो.

मग गर्दी टाळायला रविवारची सकाळ धरावी, तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचं तोंड पश्चिमेला. सकाळी सूर्य त्याच्या पाठीमागे आणि 1888 साली पुरी झालेली ती सगळी कोरीव नक्षी काळीठिक्कर. दुपारी चारनंतर दगड उजळतो, तेव्हा नक्षीसमोर अख्खं उपनगर गाडी पकडायला धावत असतं.

फोटोंची पद्धत सोपी आहे: दर 50 मीटरला थांबायचं, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर म्हणजे 1.6 मीटरवर धरायचा, दोन्ही दिशांना एकेक फोटो. मोबाइलची रुंद लेन्स वापरायची नाही. तिच्यात कडेच्या इमारती एकमेकींच्या कानात कुजबुजायला वाकतात. फोटो पिसून पाच जणांना द्यायचे. प्रत्येकाने दहापैकी गुण द्यायचे, सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा आकडा टाकून उरलेल्या तिघांची सरासरी काढायची. सगळे फोटो एकाच दिवसाचे हवेत. नाहीतर लोक इमारतीऐवजी ढगांना गुण देतात, आणि जूनमधला रस्ता उगाचच पहिला येतो.

दुकानांच्या दारांनाही गुण असतात. यान गेल या डॅनिश नगररचनाकाराच्या हिशेबात 100 मीटरला 15 ते 20 दारं असली की रस्ता अव्वल. आता फ्लोरा फाउंटनजवळचा फुटपाथवरचा पुस्तकवाला. त्याला दारच नाही, पण माणसं थांबतात ती त्याच्यापाशी. मागच्या काचबंद बँकेला रीतसर दार आहे आणि तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पाहणीच्या फॉर्ममध्ये मात्र गुण बँकेला. हा रकाना मी बिनदिक्कत खोडतो.

गुणांच्या वजाबाकीत मात्र हयगय नको. एसीचे डबे, लोंबत्या केबली, कमानीच्या माथ्यावर ठोकलेल्या पाट्या वेगवेगळ्या मोजाव्यात, कारण पाटी एका दिवसात उतरते, केबलीचा मालकच सापडत नाही. पावसाळ्याआधी निळ्या ताडपत्रीत आणि बांबूच्या परांचीत गुंडाळलेली इमारत आली, तर शून्य द्यायचं नाही. शेऱ्यात लिहायचं: ‘दिवाळीनंतर पुन्हा पाहणे.’ साल लिहू नये.